गुरुवारी, दोन ते तीन

"फॉर्म मीच भरनार," ती म्हणाली. "तुमी नुसतं उघडून द्या."

मला जरा रागच आला. तहसील कचेरीसमोरच्या माझ्या ई-सेवा केंद्रात गिऱ्हाईक कधी कीबोर्डला हात लावत नसे. लोकांनी कागद पुढे ठेवायचे, मी विचारीन त्याची उत्तरं द्यायची आणि पावती घेऊन निघायचं, अशी शिस्त मी लावून ठेवली होती. उत्पन्नाचा दाखला असो, सातबारा असो की पोरांची शिष्यवृत्ती, कोष्टी मॅडमच्या हातचा फॉर्म परत येत नाही असं आमच्या जत तालुक्यात बोललं जायचं. ते बोलणं कानावर पडलं की मी दिवसभर खूश असायची.

"कसला फॉर्म आहे?" मी विचारलं.

तिनं वर्तमानपत्राचा एक कपटा पुढे केला. त्यावर पुण्याच्या कुठल्याशा महिला संस्थेच्या वेबसाइटचं नाव होतं. तेवीस-चोवीस वर्षांची असेल. ओढणी डोक्यावरून घेऊन हनुवटीपर्यंत गुंडाळलेली, अंगाला गंधकाचा वास. बेदाणा पिवळाधमक दिसावा म्हणून त्याला गंधकाची धुरी देतात, त्यामुळे शेडवर काम करणाऱ्या बायका वासावरून ओळखू येतात. दोन हजार चौदाचा उन्हाळा होता आणि बेदाण्याचा हंगाम जोरात होता.

मी तिला कोपऱ्यातल्या मशीनवर बसवलं आणि साइट उघडून दिली. ती एका बोटानं एकेक अक्षर शोधत टाइप करायला लागली. मला काही राहवेना. मदत करावी म्हणून मी वाकले, तर पडद्यावर प्रश्न दिसला: घटना कधी घडली? त्याच्या खाली आणखी एक प्रश्न होता: ती व्यक्ती तुमच्या ओळखीची आहे का? तिनं चटकन पडद्यावर हात ठेवला.

"म्याडम, तुमी तिकडं बगा."

मी पाठ फिरवली. पुढचा पाऊण तास मी एकाही गिऱ्हाइकाला त्या कोपऱ्याकडे फिरकू दिलं नाही. एकानं "ती कोण बसलीय?" असं विचारलं, तर "तुमचा सातबारा तिच्या नावावर आहे का?" म्हणून त्याला गप्प केलं.

शेवटी तिनंच हाक मारली. "म्याडम, पुढं जाईना."

मोबाईल क्रमांकाच्या चौकटीपाशी लाल चांदणी होती. ती चौकट भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नव्हता.

"तुझा नंबर टाक ना."

"माझा न्हाई. घरात एकच फोन हाय, दादाच्या खिशात असतोय."

"बरं, मग माझाच टाकते," मी म्हणाले आणि तिच्या उत्तराची वाट न बघता टाकलासुद्धा. त्याखाली ईमेल मागितला होता, तोही माझाच टाकला. ही आमच्या धंद्यातली रोजची गोष्ट. ज्याला नंबर नाही, मेल नाही, त्याच्या फॉर्मवर केंद्रवाल्याचा नंबर जातो. अर्ध्या तालुक्याचा नंबर कागदोपत्री माझाच होता. हात सवयीनं चालला आणि डोकं त्याच्या मागं गेलंच नाही.

"फोन आला तर मला द्याल न्हवं?" तिनं विचारलं. "मी येळ लिवलीया. गुरुवारी, दोन ते तीन. बाजाराला येते मी तवा, भाजीच्या निमतानं. बाकी कवा येता येत न्हाई."

"देईन की. काळजी करू नकोस."

"आन् कुणाला..."

"कुणाला कळणार नाही. मला तरी कुठं काय माहितीय?"

ते खरंच होतं. वरची नावाची चौकट मी मुद्दाम पाहिली नव्हती. तिला नाव विचारलंही नाही. स्वतःच्या या समजूतदारपणाचं त्या दिवशी मला फार कौतुक वाटलं, हे कबूल करायला हवं.

पुढच्या गुरुवारी ती पावणेदोनलाच आली. हातात मेथीची जुडी आणि वांग्यांची पिशवी. बाजाराचा दिवस म्हणजे माझ्या केंद्रात पाय ठेवायला जागा नसायची. बाकावर पुरुषमंडळी बसलेली, त्यांच्या नजरा तिच्याकडे वळायला लागल्या. मी तिला हळूच म्हणाले, "इथं नको बसूस. समोर चिंचेखाली बस. फोन आला की मी हाक मारते."

ती रस्ता ओलांडून गेली आणि कचेरीच्या भिंतीला टेकून बसली. तिथून माझं दार दिसत होतं, आणि ती दाराकडेच बघत होती.

दोन वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. दिवसाला साठ-सत्तर फोन यायचे, त्यातलाच एक.

"नमस्कार. नयना आहेत का?" एका बाईचा आवाज. शांत, शहरी.

"कोण नयना?"

"त्यांनी हा नंबर दिलाय. थोडं व्यक्तिगत बोलायचं होतं."

"कुठल्या फॉर्मचं आहे?"

"ते मी त्यांनाच सांगू शकेन. आपण कोण बोलताय?"

"फोन तुम्ही केलाय. तुम्ही सांगा कोण ते."

"मी... मैत्रीण आहे त्यांची."

त्या वर्षी आमच्या भागात ठगांचा सुळसुळाट झाला होता. गोड आवाजात बोलायचं, काम काय ते सांगायचं नाही आणि हळूच एटीएमचा नंबर काढून घ्यायचा. सरकारी माणूस फोन करतो तो पहिल्या वाक्यात खातं सांगतो, आणि जो सांगत नाही तो चोर, असा माझा साधा हिशेब होता.

"इथं कुणी नयना-बियना नाही," मी म्हणाले आणि फोन आपटला.

काउंटरवर सनमडीकर आप्पा आठ-अचा उतारा न्यायला आले होते. ते खूश झाले. "ब्येस केलंसा म्याडम. आमच्या साडूला असाच गोड बोलून गंडा घातला."

तीन वाजता मी बाहेर जाऊन तिच्याकडे बघून मान हलवली. ती उठून आली. "न्हाई आला?"

"नाही गं. पुढच्या गुरुवारी येईल. मोठ्या संस्था असतात, त्यांना वेळ लागतो."

दुसऱ्या गुरुवारी तिनं माझ्यासाठी मूठभर बेदाणे आणले, कागदात बांधून. "शेडवरचं न्हाई," ती म्हणाली. "इकत घेतल्यात." मला ते ऐकून कसंतरीच झालं. मी पुडी काउंटरवर ठेवली आणि तिला पुन्हा चिंचेखाली बसवलं. त्या दिवशी फोन अडीचला आला. तोच आवाज, तीच नयना.

"हे बघा बाई," मी म्हणाले, "हा नंबर अख्ख्या तालुक्यानं दिलाय. परत फोन केलात तर पोलिसात देईन. समोरच कचेरी आहे माझ्या."

"माफ करा," ती बाई घाईघाईनं म्हणाली. "त्यांना काही त्रास तर नाही ना?"

मला ते ऐकून जास्तच संशय आला. मी फोन ठेवला आणि विजय मिळवल्यासारखी बेदाण्याची पुडी सोडली. गिऱ्हाइकांशी बोलता बोलता सगळे बेदाणे खाऊन टाकले. ती समोर, वीस पावलांवर बसली होती.

तिसऱ्या गुरुवारी नंबर ओळखीचा झाला होता. दोन-पाचला वाजला तेव्हा मी उचललाही नाही. कापला, आणि माझ्या फोनवर तो नंबरच ब्लॉक करून टाकला.

तीन वाजता ती स्वतःच दारात आली. गर्दी होती, तरी आली.

"आज बी न्हाई?"

"नाही. आला असता तर सांगितलं नसतं का मी?"

"फॉर्म बरोबर भरला हुता न्हवं आपुन?"

हा प्रश्न माझ्या नाकाला झोंबला. माझ्या केंद्रात उभं राहून मला कुणी असं विचारावं! "माझ्याकडून फॉर्ममध्ये चूक होत नसते," मी जरा जोरातच म्हणाले.

तिनं मान हलवली. ओढणी नीट केली. मग अगदी हळू, जणू स्वतःशीच म्हणाली, "मग त्यास्नी बी खोटं वाटलं आसंल."

"असं नसतं गं," मी म्हणाले. एवढंच. काउंटरवर चार माणसं खोळंबली होती, त्यातला एक घाई करत होता, म्हणून मी आत वळले. पुन्हा बाहेर बघितलं तेव्हा ती गेलेली होती.

चौथ्या गुरुवारी ती आली नाही. चिंचेखाली दुसरीच कुणी बाई पोराला पाजत बसली होती. मला चुटपूट लागली. दुपारी गर्दी ओसरल्यावर पहिल्यांदाच डोक्यात आलं, की फोन आला नसेल, पण मेल? मेलही तर माझाच दिला होता.

माझ्या मेलबॉक्समध्ये त्या वेळी साडेचार हजार न वाचलेली पत्रं होती. प्रत्येक फॉर्ममागे चार मेल यायचे आणि मी कधी बघायची नाही. मी संस्थेचं नाव टाकून शोधलं. तीन पत्रं निघाली.

पहिलं फॉर्म भरला त्याच्या दुसऱ्याच दिवशीचं होतं. "नयनाताई, तुम्ही लिहिलेलं सगळं वाचलं. तुम्ही जे सांगताय ते खरं आहे असं आम्ही मानतो. यात तुमची काहीही चूक नाही. तुम्ही दिलेल्या वेळेला, गुरुवारी दोन ते तीनच्या दरम्यान, मी फोन करीन. फोन दुसऱ्या कुणी उचलला तर तुमच्या काळजीपोटी मी संस्थेचं नाव सांगणार नाही." खाली सही होती, तनुजा.

दुसऱ्या पत्रात पुन्हा वेळ विचारली होती. तिसरं चार दिवसांपूर्वीचं. "फोन उचलणाऱ्या व्यक्तीनं तुम्हाला ओळखत नसल्याचं सांगितलं. तुमच्यावर संकट येऊ नये म्हणून यापुढे आम्ही या नंबरवर फोन करणार नाही. तुम्ही कधीही पुन्हा लिहू शकता. आम्ही आहोत."

मी नाव विचारलं नाही, कारण मला तिचं गुपित जपायचं होतं. त्या बाईनं संस्था सांगितली नाही, कारण तिलाही तेच गुपित जपायचं होतं. आणि ज्या पोरीचं गुपित आम्ही दोघी जपत होतो, ती मधल्या मध्ये चिंचेखाली बसून राहिली. खरं नाव द्यायची तिची छाती झाली नसणार, म्हणून तिनं नयना लिहिलं. त्यात तिची काय चूक? पण दोन वाजताच्या फोनचा आणि दोन वाजता येऊन बसणाऱ्या पोरीचा संबंध जोडायला फार मोठी अक्कल लागत नव्हती. तेवढीही मी चालवली नाही.

मी पत्राखालच्या नंबरावर फोन लावला. उचलल्या उचलल्या आवाज आला, "नयना?" आशेनं भरलेला.

"नाही," मी म्हणाले. "मी ती... पोलिसात देईन म्हणणारी."

मी सगळं सांगितलं. तनुजाताई म्हणाल्या, "नंबर सक्तीचा ठेवायला नको होता आम्ही. खोटे फॉर्म फार यायचे म्हणून ठेवला. चूक आमची आहे."

"चौकट तुमची असेल. भरली मी."

"त्यांना भेटता येईल का तुम्हाला? नाव माहितीय?"

"नयना," मी म्हणाले, आणि त्यातला फोलपणा आम्हा दोघींनाही कळला.

दुसऱ्या दिवशी मी केंद्र बंद ठेवलं. धंदा सुरू केल्यापासून पहिल्यांदा. गावाबाहेरच्या रस्त्याला सहा-सात बेदाणा शेड आहेत, ते सगळे पालथे घातले. पण विचारणार काय? ओढणी गुंडाळलेल्या, गंधकाच्या वासाच्या बायका प्रत्येक शेडवर तीस-चाळीस. सगळ्यांची तोंडं बांधलेली, नुसते डोळे दिसणार. चौथ्या शेडवर मी एकीला विचारत होते, "तेवीस-चोवीसची, गुरुवारी बाजाराला येते, अशी कुणी..." तेवढ्यात मुकादम माझ्या पाठीशी येऊन उभा राहिला.

"कोन पायजे म्याडम? मला सांगा की. सगळ्या बाया माझ्याच हाताखाली हायत."

चांगला हसतमुख माणूस होता. मला दोन-तीनदा दाखल्यासाठी भेटलाही होता. तो हसला आणि माझ्या मनात आलं, हाच असेल का? का पलीकडच्या शेडवरचा? मला काहीच माहीत नव्हतं. मी आणखी दोन प्रश्न विचारले असते, तर कुणाला तरी समजलं असतं की कुणीतरी बोललंय.

"कुणी नाही," मी म्हणाले. "कामगार कार्डाचे फॉर्म भरायचेत का, ते विचारायला आले होते."

"मंग माझ्याकडं द्या. मी घेतो भरून समद्यांचं."

मी तिथूनच मागे फिरले. उरलेले शेड लांबून बघितले आणि घरी आले.

पुढे तनुजाताईंनी मला बरंच काही विचारलं. बायका कुठं अडतात, फोन कुणाच्या हातात असतो, केंद्रवाले काय करतात. मी होतं ते सगळं सांगितलं, लाज सोडून सांगितलं. त्यांनी फॉर्म बदलला. नंबर लागत नाही, मेल लागत नाही. लिहिणारीनं स्वतःचा एक परवलीचा शब्द ठरवायचा, आणि कुठल्याही मशीनवर तो टाकला की तिला आलेलं उत्तर वाचता येतं, उलट लिहिता येतं. खेड्यातल्या कितीतरी जणी आता तसं लिहितात, असं त्या सांगतात. ऐकून बरं वाटतं, पण ते फार वेळ टिकत नाही.

चार वर्षांनी, एका मंगळवारी दुपारी, माझ्या काउंटरवर कुणीतरी रेशनकार्ड ठेवलं. माहेरच्या कार्डावरचं नाव कमी करून सासरी चढवायचं होतं. मी नाव वाचलं, महानंदा. टाइप करता करता वर बघितलं. पदर डोक्यावर होता, पण तोंड बांधलेलं नव्हतं. मी ते तोंड पूर्ण असं कधी पाहिलंच नव्हतं. डोळ्यांवरून ओळखलं.

केंद्रात दुसरं कुणी नव्हतं. मी टाइप करायची थांबले.

"मला तुला काहीतरी सांगायचंय," मी म्हणाले. "फोन आले होते. तीन वेळा. गुरुवारीच, दोन ते तीन. त्यांनी नयना विचारलं आणि मी नाही म्हणून सांगितलं. मला वाटलं कुणी फसवणारं आहे. पत्रंही आली होती, तीही माझ्याकडंच पडून राहिली. मी तुला शोधायला आले होते शेडवर, पण..."

माझं 'पण' तिनं ऐकलं नाही. ती काउंटरची कड धरून उभी होती.

"मंजी त्यास्नी खरं वाटलं हुतं?"

"पहिल्याच दिवशी. तसं लिहिलंय त्यांनी. पत्र छापून ठेवलंय मी."

मी आतल्या खणातून ते पत्र काढून दिलं. घड्या पडून कागद पिवळा झाला होता. तिनं ते उभ्या उभ्या वाचलं, ओठ हलवत, दोनदा. रडली नाही. मला वाटत होतं तिनं रडावं, नाहीतर माझ्या तोंडात मारावी. काहीतरी करावं.

"माझं लगीन झालं त्याच साली," ती पत्र बघतच म्हणाली. "मी गेल्यावर दादानं माझ्या जागी वयनीला लावली शेडवर. ज्याचं मी लिवलं हुतं, त्याच मानसाच्या हाताखाली. मला अडवाय पायजे हुतं. लई येळा तोंडावर आलं. पर म्हटलं, पुन्याच्या शिकल्यासवरल्या बायांस्नी खरं वाटलं न्हाई, तर दादाला काय वाटनार? म्हून गप बसले."

"आणि वहिनी?"

"अजून जातीया." ती म्हणाली, "माझ्या नजरंला नजर देत न्हाई आता. मला कळतंय कशापायी."

"तिला घेऊन ये," मी म्हणाले. "आता नंबर लागत नाही. मी नुसतं मशीन चालू करून देईन आणि बाहेर जाऊन बसेन. शप्पथ सांगते, आत डोकावणारसुद्धा नाही."

"त्या साइटचं नाव लिवून द्या."

मी मोठ्या अक्षरात नाव लिहिलं. खाली तो परवलीचा शब्द कसा ठरवायचा, कसा टाकायचा तेही लिहिलं. एक ओळ खोडून पुन्हा लिहिली. तिनं तो कागद माझ्यासमोर सगळा वाचला, एक शब्द समजला नाही तो विचारून घेतला, आणि पत्रात घालून दोन्ही ब्लाउजमध्ये ठेवले.

"वयनीला दीन मी ह्ये," ती म्हणाली. "सोबत जाईन तिच्या. पर सांगलीला जाऊ आमी. तुमच्याकडं न्हाई आनायची तिला." तिच्या आवाजात राग नव्हता. "वाईट वाटून घिऊ नगा."

"नको आणूस," मी म्हणाले.

मग मी तिचं नाव माहेरच्या कार्डावरून कमी केलं. ती पावती घेऊन गेली.